हनुवटी जरा खाली

पासपोर्टच्या फोटोत माणूस स्वतःसारखा दिसला तर समजावं, फोटो नापास होणार. हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत, मान सरळ, मागे पांढरी भिंत, चष्म्यावर चमक नको. चौतीस वर्षं मी हेच सांगत आले. माझा स्टुडिओ एका चपलांच्या दुकानाच्या वर होता आणि जिना इतका उभा, की गिऱ्हाईक वर येईपर्यंत त्याचा चेहरा आपोआप पासपोर्टसारखा व्हायचा. त्याला स्टुलावर बसवायचं आणि म्हणायचं, "मान सरळ. हनुवटी जरा खाली. हसू नका. हलू नका." 'हलू नका' म्हटलं की माझं बोट बटणावर पडायचं. लाखभर चेहरे काढले असतील, पण तोंड मिटून एकही फोटो काढला नाही.

मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले. मी स्टुडिओ बंद केला आणि दादाकडे राहायला आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हाडाचा घड्याळजी. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं दुकानही केव्हाच बंद झालं, पण हत्यारांची पेटी, डोळ्याला लावायचं भिंग आणि चार मेलेली घड्याळं घेऊन तो मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून बसतो. खिडकीबाहेर आमची बाग. दोन चादरी अंथरल्या तर संपेल एवढीच. एक पेरूचं झाड, एक लिंबाचं, कपडे वाळत घालायची दोरी, मागे पांढरी भिंत आणि भिंतीशी पाखरांसाठी पाणी भरून ठेवलेलं एक जुनं घमेलं.

सगळा घोळ त्या घमेल्यापासून सुरू झाला.

दादाचा एकुलता एक मुलगा दातांचा डॉक्टर आहे. उंची सहा फूट आणि घरातलं नाव टिल्लू. तो दुसऱ्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो आणि दर रविवारी फोनवरून बापाची परीक्षा घेतो. गोळ्या घेतल्या का, फेरी मारली का, आज वार कोणता. एका रविवारी परीक्षा संपल्यावर दादा त्याला म्हणाला, "अरे, आपल्याकडे रोज चार वाजून सात मिनिटांनी एक शिक्रा येतो. घमेल्यात आंघोळ करतो आणि जातो."

टिल्लूने लगेच मला फोनवर बोलावलं. "आत्या, शिकारी पक्षी कुठे भर वस्तीत येतो का? तोही आंघोळीला? तू पाहिलास?"

आता मी दुपारी तीन ते पाच झोपते. ही झोप मी चौतीस वर्षं साठवून ठेवली होती, ती आता वापरतेय. म्हटलं, "नाही रे बाबा, मी काही पाहिलं नाही." एरवी एवढं सरळ खरं बोलायची मला सवय नाही. नेमकं त्या दिवशी बोलले.

टिल्लूच्या डोक्यात आधीच एक प्रकरण शिजत होतं. महिन्याभरात दादा दोनदा शेजारच्या घरात शिरून कोचावर जाऊन बसला होता. आमच्या ओळीतली घरं सगळी एका साच्यातली, दारंही एकाच रंगाची, हे मान्य. पण चाळीस वर्षं राहिलेला माणूस स्वतःचं दार चुकतो म्हणजे काय? शेजारीण भली बाई. तिने दोन्ही वेळा चहा पाजून त्याला परत आणून सोडलं, आणि भली असल्यामुळेच टिल्लूला फोन करून कळवलं. आधी दार, आता हा पक्षी. टिल्लूने निदान करून टाकलं.

"पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "बाबांना कायमचं इकडे आणतो, घर बंद करू. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र आहे, तिथे नाव घालतो. तूही चल ना."

दादाला सांगितलं तेव्हा तो एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. हातातला चिमटा तसाच अधांतरी राहिला. मग म्हणाला, "छबे, अकराव्या मजल्यावरच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"आकाश."

"नुसतंच?"

मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मला राग येतो. "तुला कुणी सांगितलं होतं शिक्रा शिक्रा करायला?" मी त्याच्यावर ओरडले. "येत असेल तर येऊ दे ना! मनात ठेवायचं!"

"पण येतो," दादा म्हणाला आणि त्याने चिमटा खाली ठेवला.

सोमवारी मी झोपेवर पाणी सोडलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. चार वाजून पाच मिनिटांपर्यंत लिंबाच्या झाडात चिमण्यांचा बाजार भरला होता. सहाव्या मिनिटाला एकदम सगळं चिडीचूप झालं. सातव्या मिनिटाला भिंतीवर काहीतरी येऊन बसलं. कबुतराएवढंच, पण कबुतराचा गबाळेपणा नाही. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, गळ्यावर मधोमध एक उभी रेघ आणि डोळे लालभडक. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग घमेल्यात उतरून पोटापर्यंत पाण्यात बसला आणि पंख आपटू लागला. आंघोळ करताना सगळे सारखेच वेडे दिसतात, हे मला तेव्हा कळलं. दादाने वहीत लिहिलं: ४.०७. वहीत वर आणखी पंचवीस-तीस आकडे होते.

मी धावत जाऊन टिल्लूला फोन लावला. "अरे, खरंच येतो! मी पाहिला!"

"आत्या," तो पेशंटशी बोलतात तसा मऊ आवाजात म्हणाला, "काल नाही म्हणालीस, आज हो म्हणतेस. मला फोटो दाखव. आयुष्यभर तेच केलंयस ना?"

हे मात्र लागलं. मी पेटीतून स्टुडिओचा कॅमेरा काढला, स्टँड काढला आणि बॅटरी भरायला लावली. एवढासा पक्षी, त्यात ठरल्या वेळी येणारा आणि एका जागी बसणारा. याहून सोपं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. निदान हा फोटो पाहून 'मी एवढा काळा आहे का' म्हणणार तरी नव्हता.

मंगळवारी खिडकी वीतभर उघडून मी तयार राहिले. शिक्रा आला, घमेल्याच्या कडेवर बसला आणि थेट माझ्याकडे पाहिलं. फोकस झाला. आणि माझ्या तोंडून स्टुडिओतल्या खणखणीत आवाजात निघालं, "हनुवटी जरा खाली."

फोटोत पाण्यावरच्या लाटा तेवढ्या आल्या.

"'हसू नका' म्हणायचं राहिलं," दादा वहीतून मान वर न करता म्हणाला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मेल्यावरही जाईल की नाही, शंका आहे. बुधवारी दादानेच उपाय सुचवला. तोंडात पाण्याचा घोट भरून ठेवायचा, म्हणजे बोलता येणार नाही. खबरदारी म्हणून खिडकीही लावून घेतली. गाल फुगवून मी उभी राहिले. शिक्रा आला, बसला, मी बटण दाबलं, आणि खोलीत वीज कडाडल्यासारखा उजेड पडला. स्टुडिओत फ्लॅश कायमचा चढवलेला असायचा, तो काढायचं कुणाला सुचणार? मी दचकले. तोंडातलं पाणी कारंज्यासारखं दादाच्या उघड्या घड्याळावर पडलं. फोटोत काचेवर एक पांढरा गोळा आणि गोळ्याशेजारी गाल फुगवलेली, डोळे बाहेर आलेली एक बाई होती. दादाने फोटो नीट न्याहाळला. "हा पासपोर्टला चालेल," म्हणाला. "दात दिसत नाहीत."

गुरुवारी शिक्रा आलाच नाही. दादा पाच वाजेपर्यंत खिडकीतून हलला नाही आणि वहीतली त्या दिवसाची ओळ कोरी ठेवली. आता दोनच दिवस उरले होते.

शुक्रवारी मी बागेतच उतरले. लिंबाखाली स्टूल, स्टुलावर मी, पुढे स्टँडवर कॅमेरा आणि या सगळ्यावर हिरवी चादर, भिंगापुरतं भोक पाडलेली. वहिनीची चांगली चादर होती, ती मला वरून शिव्या देत असणार. फ्लॅश काढला होता आणि तोंडात पाणी होतं. चिमण्या गप्प झाल्या. मी भोकातून घमेल्याकडे पाहत होते, पण घमेल्यावर कुणी येईना. तेवढ्यात माझ्या अंबाड्यात चार-पाच सुया टोचल्या.

तो माझ्या डोक्यावर बसला होता. हलावं तर उडणार, ओरडावं तर तोंडात पाणी. मी तशीच बसून राहिले. तो वर आरामात पिसं साफ करत असावा, कारण मधूनमधून माझं डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे जात होतं. भोकातून तिरकं पाहिलं तर खिडकीत दादा. दोन्ही हातांनी टेबल धरून हसत होता, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनी गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोच फोटो काढावासा वाटला, पण कॅमेऱ्याचं तोंड घमेल्याकडे होतं आणि मी शिक्र्याखाली होते.

शनिवार उजाडला. शनिवारी मी काय केलं ते सांगते, आणि मला त्याची लाज बिलकूल वाटत नाही.

चौतीस वर्षांत मी फक्त फोटो काढले असं नाही, ते सुधारलेही. टकलांना केस दिले, शर्टांवर कोट चढवले, मिटलेले डोळे उघडले. एका कुटुंबातली चार माणसं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हती, त्यांना मी चार वेगवेगळ्या दिवशी बोलावलं आणि एका कोचावर बसवून दिलं. तो फोटो त्यांच्याकडे अजून भिंतीवर आहे. मग एका पक्ष्याला घमेल्यावर बसवणं मला जड होतं का? एका जुन्या कॅलेंडरवर फांदीवर बसलेला शिक्रा सापडला. त्याचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर फांदीपासून सोडवला आणि मंगळवारच्या आमच्या घमेल्यावर नेऊन बसवला. कडा मऊ केल्या, रंग जुळवले आणि मोठ्या कागदावर छापला. माझं मलाच दोन मिनिटं खरं वाटलं.

दादाला मात्र सांगितलं नाही. त्याने आयुष्यात बंद घड्याळाला चालू म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक गयावया करायचं, आजच्या दिवसापुरतं हो म्हणा हो, तरी हा म्हणायचा, "बंद आहे." अशा माणसाला कटात घेण्यात अर्थ नसतो.

रविवारी दोन वाजता टिल्लू आला. बरोबर दोन रिकाम्या बॅगा आणि एक फॉर्म होता. बापाला वाकून नमस्कार केला आणि त्याच दमात विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"तू आलास म्हणजे रविवार," दादा म्हणाला. "एरवी तू येत नाहीस."

मी फोटो टिल्लूच्या हातात ठेवला. त्याने तो सवयीने एक्स-रेसारखा खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग हळूच खुर्चीवर टेकला.

"खरंच की गं," तो म्हणाला. "आपल्याच घमेल्यावर बसलाय. आणि मला वाटलं, बाबांना..." त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि बॅगा पायाने टेबलाखाली सरकवल्या. "ठीक आहे. इतकी घाई नको. दोन-तीन महिने बघू कसं जमतंय ते."

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात दादाने हात पुढे केला. "बघू."

"कशाला? तू रोज बघतोस!" मी म्हटलं.

पण भिंग डोळ्यावर चढलं होतं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

"छबे, पाय का दाबतेस?" दादा मोठ्याने म्हणाला. मग भिंगातून फोटोवर वाकून, उघड्या घड्याळाबद्दल बोलावं तसा सावकाश बोलू लागला. "हा तो नाही. याचा डोळा पिवळा आहे. पिवळा मादीचा असतो नाहीतर पिल्लाचा. आपल्याकडे येतो तो नर, डोळा लाल. आपल्या शिक्र्याच्या शेपटीतलं मधलं पीस अर्ध्यावर तुटलंय, याचं अख्खं आहे. घमेल्याची सावली भिंतीकडे पडलीय, याच्या अंगावरची दाराकडे. दोन सूर्य आहेत का आपल्याकडे? आणि हे बघ, पंजा. घमेल्याची कडा पातळ पत्र्याची. याची बोटं वळलीयत ती चांगल्या जाड फांदीवर. आणि फांदी नाहीच." त्याने भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काम मात्र सुरेख केलंयस. जोड दिसत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी त्याला बाहेर काढलं होतं, आणि हा पुन्हा स्वतःहून पाण्यात शिरला.

टिल्लूचे कान लाल झाले. "आत्या, साठी उलटली तुझी! मला फसवतेस? एकाला नसलेले पक्षी दिसतात आणि दुसरी ते चिकटवून देते. या घरात शहाणं कोण आहे?"

"मी फसवलं, दादाने नाही!" मी ओरडले. "त्याला कळलं म्हणून तर त्याने सांगितलं ना? गप्प बसला असता तर सुटला असता!"

पण टिल्लू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने बॅगा टेबलाखालून पुन्हा बाहेर ओढल्या.

"चार वाजून सात मिनिटांनी येईल," दादा शांतपणे म्हणाला. "बघून तर जा."

तेवढं त्याने ऐकलं. आम्ही तिघं खिडकीशी बसलो. चार वाजले. चार सात झाले. चिमण्या मजेत भांडत होत्या. चार दहा. दादाने खिशातलं घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि परत ठेवलं. मग पुन्हा काढून कानाला लावलं. ते मी पाहिलं आणि टिल्लूनेही पाहिलं.

"बाबा," टिल्लू म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरंच मऊ होता, "चला. केंद्राच्या फॉर्मला एक पासपोर्टचा फोटो लागतो. आत्या, तेवढा काढून दे. खरा काढ, म्हणजे झालं."

काढायलाच हवा होता. पांढरी भिंत म्हणून घमेल्याशेजारी स्टूल ठेवलं. दादाने केस विंचरले, वरची गुंडी लावली आणि येऊन ताठ बसला. उजेड एका बाजूने पडत होता, म्हणून टिल्लूला पांढरी चादर पसरून दुसऱ्या बाजूला उभं केलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. चौतीस वर्षांत त्या भिंगातून मला कधी अंधूक दिसलं नव्हतं, त्या दिवशी दिसलं. मी रडत होते. लाखभर अनोळखी लोकांना परदेशी पाठवलं तेव्हा काही वाटलं नाही, आणि स्वतःच्या भावाला अकराव्या मजल्यावर पाठवायचा फोटो मला काढवत नव्हता.

तरी तोंड आपलं काम करत होतं. "मान सरळ," मी म्हटलं. "हनुवटी जरा खाली. हसू नका."

चिमण्या गप्प झाल्या.

दादाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, घमेल्याच्या पातळ कडेवर, तो येऊन बसला. लाल डोळा. तुटकं पीस. माझी बडबड चालू असूनही तो उडाला नाही. आठवडाभर माझा आवाज ऐकून त्यालाही सवय झाली असावी, नाहीतर शुक्रवारपासून तो मला फर्निचर समजत असावा. कॅमेरा वीतभर वळवला की झालं. मी वळवला. तो माझ्याकडे रोखून बघत होता आणि माझ्या तोंडातून पुन्हा निघालंच, "हनुवटी जरा खाली."

त्याने मान खाली घातली आणि पाणी प्यायला. इतक्या मुकाट्याने माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

बोट बटणावर होतं. पण तेवढ्यात मला कडेने दादा दिसला. तो शिक्र्याकडे बघतच नव्हता. शिक्रा त्याला रोजचाच. तो टिल्लूकडे बघत होता. टिल्लू दोन्ही हातांत चादर धरून, सहा फूट उंचीचा, आ वासून उभा होता. असा आ त्याच्या एकाही पेशंटने कधी केला नसेल. तो पहिल्यांदा हत्ती बघायला गेला होता तेव्हा असाच आ वासून बसला होता, खांद्यावर दादाच्याच. आणि मुलाचं ते तोंड बघून दादा हसत होता, टिल्लूने उपटून उरलेले सगळे दात दाखवत.

मी कॅमेरा वीतभर परत वळवला. "हलू नका," म्हटलं आणि बटण दाबलं.

शिक्र्याने सावकाश आंघोळ केली, टिल्लूवर चार थेंब उडवले आणि भिंतीवरून पलीकडे गेला. दादाने खिशातलं घड्याळ काढलं. "चार वीस," म्हणाला. "तेरा मिनिटं मागे पडला. तेलपाणी करायला हवं."

टिल्लू उपड्या बादलीवर बसला. चादर मांडीवर गोळा झाली होती. "बाबा, मधलं पीस तुटलेलंच होतं," तो म्हणाला.

"हं."

"आणि डोळा लाल."

"मग काय सांगत होतो?"

टिल्लूने मांडीवरची चादर बाजूला ठेवली. "मी दिवसभर एक्स-रे बघतो," म्हणाला, "आणि तो खोटा फोटो मला खरा वाटला. तुम्ही त्याची बोटं कुठे वळलीयत ते सांगितलंत. आणि मी तुम्हाला वार विचारतो." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग एकदम आठवल्यासारखी मान वर केली. "पण बाबा, शेजारच्या घरात का जाऊन बसता? ते दार कसं चुकता?"

दादाने माझ्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चुकत नाही. ती चहात दोन चमचे साखर घालते. तू आणि ही छबी मिळून मला अर्धा चमचाही देत नाही. सरळ मागायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून चुकतो."

मी इतकी भडकले की मला नीट शिवीही सुचेना. त्या दोन वेळांपायी मी आठवडाभर झोप सोडली, तोंडात पाणी भरलं, अंबाड्यात पंजे रोवून घेतले! टिल्लू मात्र हसायला लागला, आधी नाकातून, मग बादलीवरून घसरेपर्यंत, अगदी बापासारखा खांदे हलवत.

हसून झाल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. फोटोत दादा होता, तिरक्या मानेचा, डोळे बारीक झालेला, तोंडभर हसणारा.

"हा फॉर्मला चालणार नाही," मी धंद्याच्या आवाजात म्हटलं. "मान वाकडी आहे आणि दात दिसतायत."

"मग दुसरा काढ की," दादा म्हणाला. खरं बोलायची ही त्याची खोड एक दिवस त्याला बुडवणार आहे.

मी टिल्लूकडे पाहिलं. त्याने फॉर्मच्या नीट चार घड्या केल्या आणि तो खिशात घातला. "राहू दे," म्हणाला. "कॅमेऱ्याची बॅटरी संपली असेल."

बॅटरी भरलेली होती. मी मान डोलावली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. दादा खिडकीशी आहे आणि तो फोटो त्याच्या टेबलाच्या वर टांगलाय. शेजारीण अजूनही भली आहे, फक्त एकच चमचा घालते, तसा तह झालाय. शिक्र्याचा धड फोटो मात्र आमच्याकडे आजवर एकही नाही. त्याची जबाबदारी टिल्लूने घेतलीय. दर दुसऱ्या रविवारी साडेतीन वाजता हातभर लांब भिंगाचा नवाकोरा कॅमेरा घेऊन येतो. पहिल्याच दिवशी शिक्रा कडेवर बसला, टिल्लूने नेम धरला आणि मोठ्याने म्हणाला, "आ करा. अजून मोठा." वीस वर्षं हेच म्हणत आलाय, त्याचा काय दोष. भाचा माझाच.

म्हणून आता त्यालाही तोंडात पाणी भरून बसावं लागतं. मी सोबत म्हणून भरते. परवाच्या रविवारी आम्ही दोघं गाल फुगवून खिडकीशी बसलो होतो, आणि मध्ये वही घेऊन दादा. खोलीत बोलायची मुभा त्याला एकट्यालाच. चिमण्या गप्प झाल्या. शिक्रा आला, उन्हात छाती पुढे काढून बसला. टिल्लूने श्वास रोखला आणि बोट बटणावर ठेवलं.

दादा त्याच्या कानाशी वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "टिल्लू, आज वार कोणता?"